जिनेवाल्याची धाप

ज्या माणसाला दम लागत नाही तो हिरो कसला, हे मला कुणीतरी एकदा समजावून सांगा. मी भांडायला तयार आहे. हल्लीचा हिरो गच्चीवरून खाली पडतो, अंगावरून ट्रक जातो, आणि हा उठून केसांवरून हात फिरवतो! घाम नाही, धूळ नाही, कपाळावर साधं टेंगूळ नाही. आणि वर म्हणे हा जुन्या पिक्चरचा नवा अवतार. अवतार कसला, पंचनामा म्हणा.

मी उगाच चिडत नाही. हॉलिवूडचे पिक्चर आपल्या भाषेत डब होतात ना, त्यांचे संवाद मी लिहिते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जसे हलतील तसे आपले शब्द बसवायचे. त्याचं तोंड मिटलं की आपला शब्द मिटला पाहिजे, त्यानं आ केला की आपलाही आ. जीव मेटाकुटीला येतो. पण त्या माणसानं एकदा पाठ फिरवली, किंवा तो भिंतीआड गेला, की मग आपलं राज्य. ओठच दिसत नाहीत तर जुळवायचं काय? तिथे काहीही घाला, कुणी विचारत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी मजा त्या पाठींवर चालते.

मला या धंद्यात आणलं माझ्या थोरल्या भावानं. दादाचा आवाज तुम्ही ऐकलेला आहे. तोंड पाहिलं नसेल, पण आवाज नक्की. धरणाचा तो जुना पिक्चर आठवतोय? धरणावरचा एक साधा फिटर असतो, बदमाश लोक धरण ताब्यात घेतात, लिफ्ट बंद पाडतात, आणि हा गडी जखमी इंजिनिअरला पाठीवर घेऊन धरणाच्या पोटातला जिना चढतो. खालून पाणी वर येतंय. याचा एक पाय कामातून गेलेला. लंगडतो, थांबतो, कठड्याला डोकं टेकतो, पुन्हा चढतो. संवाद एक नाही. नुसती धाप. थिएटरात लोक खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. त्या नटाचं नाव आपल्याकडे कुणाला धड घेता येत नाही, सगळे त्याला जिनेवालाच म्हणतात. आणि तो जिना जो चढतो ना, तो आमचा दादा.

अक्षरशः चढलाय म्हणते मी. त्या काळी तिकडून बोलणं आणि श्वास एकाच ध्वनिपट्टीवर यायचे. बोलणं काढलं की श्वासही गेला. म्हणजे नटाच्या तोंडातून निघालेलं सगळं आपल्याला नव्यानं भरावं लागायचं. बाकीचे लोक माइकपुढे उभे राहून खोटं खोटं हाशहुश करायचे. दादा म्हणाला, "मला नाही जमणार ही नाटकं." आमचा स्टुडिओ इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. हा खाली जायचा आणि जिना धावत चढून यायचा. मी दाराला पाय लावून ते उघडं धरायची, दुसऱ्या हाताचं बोट तोंडावर, म्हणजे कुणी चकार शब्द काढायचा नाही. रेकॉर्डिस्ट आत मशीन सुरू करून बसलेला. दादा आला की तडक माइकसमोर. जिनेवाला लंगडतो म्हणून हाही एक पाय ओढत चढायचा, म्हणजे श्वास बरोबर तसाच तुटायचा: एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड. एवढ्याशा तुकड्यासाठी आठवडाभर हा उद्योग चालला होता. वहिनींचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. नवरा रोज घामानं निथळत घरी येतोय आणि विचारलं तर म्हणतोय, बसून काम करतो! बिचारीनं माहेरी कळवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

असो. त्यानंतर बरीच वर्षं दादाला काम होतं, मग कमी झालं, मग फोन वाजेनासा झाला. छातीनंही दगा दिला. डॉक्टरांनी जिना बंद केला म्हणून दोघं तळमजल्यावर राहायला आली. आवाज मात्र तसाच, खणखणीत. वापरायला जागा नाही एवढंच. राँग नंबर आला तरी हा पाच मिनिटं बोलतो, आणि समोरचा माणूस फोन ठेवत नाही.

आणि मग बातमी आली. धरणाचा पिक्चर नव्यानं केलाय, आणि त्यात तो जुना नटही आहे, पाहुणा म्हणून. इथलं डबिंग आमच्याकडे. कंपनीचा जो माणूस आमच्या डोक्यावर बसवलेला असतो त्याला आम्ही ताबडतोब म्हणतो, कारण त्याला सगळं ताबडतोब लागतं. त्यानं स्वतः दादाला फोन केला. "जिनेवाला तुमच्याशिवाय कोण करणार?" असं म्हणाला. गोड बोलायला काय जातं?

दादाचं मग काही विचारू नका. गार पाणी बंद, मिठाच्या गुळण्या सुरू. घरात बोलायचं ते हळू, घसा राखून. कपाटातून जुना सुती शर्ट काढला, धुऊन धुऊन मऊ झालेला, कारण कडक कापड माइकजवळ सळसळतं. वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "वन्सं, हा माणूस पुन्हा आरशासमोर उभा राहून गुणगुणायला लागलाय हो." त्यांचा आवाज हसरा होता. मलाही बरं वाटलं. पुन्हा एकदा, एकदाच, जिनेवाला म्हणून उभं राहायचं, याच्यापलीकडे त्याला काही नको होतं.

दुसऱ्या दिवशी संवाद बसवण्यासाठी पिक्चर माझ्या हातात आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

धरण आहे. बदमाश आहेत. नवा हिरो आहे, दात पांढरेशुभ्र, आणि त्याचं टोळकं. त्यांच्या पाठीवर उडायची यंत्रं. जिना चढायचा प्रश्नच मिटला! दर दोन सेकंदांना चित्र बदलतं. माणूस पडतो, पण पडलेला दिसत नाही. त्याला लागतं, पण दुखत नाही. आणि मध्येच जिन्याच्या तोंडाशी आमचा म्हातारा उभा. तोच. केस पिकलेले, पाय अजून ओढतोय. मी खुर्चीत पुढे सरकले. तो म्हणतो, मी जिन्यानं येतो. पोरं हसतात. तो चढायला लागतो. धापा टाकतो, विनोदी धापा, सर्कशीतल्या विदूषकासारख्या. वळणावर छाती धरतो, म्हणतो, "वय झालं माझं," आणि धप्पकन भिंतीआड पडतो. वरून उडणारा नवा हिरो खाली वाकून बघतो. "संपला म्हातारा!" सगळे खिदळतात आणि भुर्रकन उडून जातात. बस. पुढे पिक्चरभर त्याचं नाव नाही.

ज्या जिन्यानं त्या माणसाला मोठं केलं त्याच जिन्यावर त्याला लोळवायचा, आणि हसायचं! लाज नाही वाटली? नवीन काही सुचत नाही म्हणून जुन्या घरात शिरलात, तिथलं खाल्लंत, आणि जाताना घरमालकालाच लाथ मारलीत.

मी तडक ताबडतोबच्या खोलीत गेले.

"हे काय आहे?"

"कॉमेडी आहे मॅडम."

"कुणाची?"

"म्हणजे... मानवंदना आहे ती. जुन्या हिरोला."

"लोळवून मानवंदना? तुमच्या वडिलांना देता का अशी?"

तो खवळला नाही. त्याला सवय आहे माझी. म्हणाला, "चित्र ठरलेलं आहे. त्यातलं मी काही बदलू शकत नाही, तुम्हीही नाही. दादांना जमणार नसेल तर सांगा, ताबडतोब दुसरा बघतो. म्हाताऱ्याचा आवाज काय, कुणीही काढेल."

मी तशीच परत फिरले. कारण खरंच, कुणीतरी काढला असता. कापरा, बोळका, चेष्टेचा आवाज. दादानं केलं तर तो स्वतःवर हसायला येणार, नाही केलं तर त्याच्या जिनेवाल्यावर दुसराच कुणीतरी हसणार. अडकित्त्यात सापडल्यासारखं झालं मला.

संध्याकाळी वहिनींना सगळं सांगितलं.

"दादाला सांगून टाका," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. माझ्यानं होणार नाही."

"तुमच्यानं भांडणं होतात, आणि एवढं होत नाही?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्यानंही नाही होणार, वन्सं. आत शर्टाला इस्त्री चाललीय."

म्हणजे कुणीच सांगितलं नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी दादा आला. लिफ्टनं आला, वहिनींना तसा शब्द दिलेला. दारातच घड्याळ काढून खिशात ठेवलं, टिकटिक नको म्हणून. म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टनं उठून त्याला मिठी मारली. दादानं माझ्या डोक्यावर टपली मारली. "काय मिरचे, आज कुणाशी भांडलीस?" लहानपणापासून तो मला मिरचीच म्हणतो. मी उलट टोला दिला नाही, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती.

तुकडा लावला. मी भिंतीकडे बघत उभी राहिले.

संपला.

"परत लाव," दादा म्हणाला.

परत लावला. मग आणखी एकदा. तो खुर्चीत ताठ बसून बघत होता. चेहऱ्यावर काही नाही.

"ही धाप कुणाची?" त्यानं विचारलं.

"तिकडूनच आलीय, तयार," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "आता श्वास वेगळा येतो दादा. आपण फक्त ते एक वाक्य बोलायचं."

"ही त्याची नाही. तो असा घेतच नाही श्वास. कुणाची तरी आणून चिकटवलीय." मग तो माझ्याकडे वळला. "म्हणजे बिचाऱ्याला स्वतःचा दमसुद्धा ठेवू दिला नाही गं यांनी."

मी त्याच्या हातात वाक्याचा कागद दिला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: वय झालं माझं. त्यानं वाचलं, कागदाची घडी केली, घड्याळ ठेवलेल्या खिशात घातली. "तुला माहीत होतं," म्हणाला. प्रश्न नव्हता. मी मान खाली घातली. "जरा बाहेर जाऊन येतो."

मला वाटलं, गेला घरी. आणि खरं सांगते, जीव भांड्यात पडला. म्हटलं, बरं झालं, अपमान तरी वाचला. आता ताबडतोबशी माझी गाठ. मी पदर खोचून बाहेर आले, तर लिफ्ट नुकतीच खाली जाऊन थांबलेली. आणि मग जिन्यातून आवाज आला.

एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड.

डॉक्टरांनी बंद केलेला जिना! तळापासून वरपर्यंत! शहाण्या बाईनं काय केलं असतं? धावत खाली जाऊन त्याचा दंड धरला असता, बसवला असता, पाणी दिलं असतं. आणि मी काय केलं? मी दाराला पाय लावला, तोंडावर बोट ठेवलं, आणि तशीच उभी राहिले. हातापायांनी स्वतःच केलं ते. मागे वळून पाहिलं तर रेकॉर्डिस्टही मशीन सुरू करून, श्वास रोखून बसलेला. दोन गाढवं! एक माणूस जिन्यात मरायला टेकलाय आणि आम्ही शांतता पाळतोय.

दादा आला. तोंड राखेसारखं झालेलं. एका हातानं भिंत धरून, पाय ओढत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तडक माइकसमोर. दिवा लागला, तुकडा सुरू झाला.

म्हातारा चढतोय. आता ती विदूषकाची धाप नव्हती, रेकॉर्डिस्टनं ती बंद करून टाकलेली. माणूस चढत होता, त्याला दुखत होतं, तो थांबत नव्हता. वळण आलं. म्हाताऱ्यानं छाती धरली, ओठ हलले, आणि दादा म्हणाला, "व्हा पुढे, आलो मी."

माझं वाक्य बदलणाऱ्याला मी कधी सोडलेलं नाही. पण ओठ चोख बसले. म्हातारा भिंतीआड पडला. इथे दादाचं काम संपलं. रेकॉर्डिस्टचा हात बटणाकडे गेला.

दादा थांबला नाही. त्यानं माइकचा दांडा धरला, डोळे मिटले आणि चढत राहिला. पडद्यावर नवा हिरो दात काढून म्हणतोय, संपला म्हातारा, आणि खालून धाप येतेय. पोरं खिदळतायत, आणि धाप येतेय. एक लांब, एक आखूड. मध्ये थोडी थांबते, कठड्याला डोकं टेकावं तशी, आणि पुन्हा सुरू. पोरं उडून गेली, रिकामा जिना दिसला, तरी ती येतच होती. आता थोडी वरून.

चित्र संपलं तसा दादा खाली बसला तो उठलाच नाही.

हॉस्पिटलात नळ्या लावल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी एक मजला असता तर आम्हाला बोलावूही नका म्हटलं असतं. वहिनी आल्या, दादाच्या कपाळावर हात ठेवला आणि मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही कुठे होतात?"

"दारात."

"दार धरून?"

त्यांना ती पद्धत एव्हाना माझ्याइतकीच ठाऊक. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. बरोबरच केलं. मी तरी माझ्याशी कुठे बोलत होते?

स्टुडिओत ताबडतोब डोक्याला हात लावून बसला होता. "मॅडम, मेलेला माणूस धापा कसा टाकेल?"

"मेलेला दाखवलाय का कुठे? पडला, आणि भिंतीआड गेला. ओठ दिसतात का तुम्हाला?"

"पण विनोद मरतो ना त्यानं!"

"मरू दे. कुणीतरी मरायलाच हवं असेल तर तो मरू दे."

"मी काढायला लावणार," तो म्हणाला.

"काढा. मग हॉस्पिटलात जा, खोली सांगते, आणि दादाला स्वतःच्या तोंडानं सांगा की काढलं. ताबडतोब जा."

तो उठला, खिडकीपाशी गेला, परत आला. माणूस वाईट नाही तो, नोकरी वाईट आहे. शेवटी म्हणाला, "तिकडे तपासायला पाठवतो. त्यांनी काढा म्हटलं तर मात्र तुमचं ऐकणार नाही."

तिकडून उत्तर आलं. ओठ जुळतात, पास. एवढंच! मी आनंदानं नाचायला हवं होतं, पण माझ्या अंगाचा तिळपापडच झाला. अहो, एक अख्खा माणूस जिवंत केला आम्ही तुमच्या पिक्चरमध्ये, आणि तुम्हाला पत्ता नाही? तुम्ही ऐकलंच नाहीत. ऐकायची सवय असती तर असला पिक्चर काढला असता का?

दादा घरी आला. पिक्चर लागला तेव्हा तो हट्टानं निघाला. वहिनी त्याच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. मधल्या माणसाशी दोघी बोलत होतो, एकमेकींशी नाही. थिएटर भरलेलं. पोरांना उडायची यंत्रं आवडत होती, टाळ्या पडत होत्या. दादा कपाळाला आठ्या घालून बसला होता. "याला दम लागत नाही," तो मला कुजबुजला. मी म्हटलं, मला सांगतोस?

जिना आला. म्हातारा दिसताच मागच्या काही लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्यांना ओळख होती. तो चढायला लागला तशी पुढची पोरं हसली. व्हा पुढे, आलो मी. पडला. मोठा हशा झाला. संपला म्हातारा! आणखी हशा. मला खुर्ची उचलून पडद्यावर फेकावीशी वाटली.

मग हसणं ओसरायला लागलं, कारण खाली काहीतरी चालू होतं. एक लांब, एक आखूड. इकडून तिकडून लोक एकमेकांना शू करायला लागले. पडद्यावर नुसता रिकामा जिना, आणि सगळं थिएटर तो जिना ऐकत होतं.

आमच्या मागच्या रांगेत एक बाई नवऱ्याला हळूच म्हणाली, "अहो, मेला नाहीये तो. ऐका ना, चढतोय अजून."

दादा ताठ बसून राहिला. त्याचा हात मी धरला होता, दुसरा वहिनींनी. आणि इतके दिवस माझ्याशी एक शब्द न बोललेल्या आमच्या वहिनी खुर्चीत मागे वळल्या आणि त्या अनोळखी बाईला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "नाहीच मेलाय. मी ओळखते त्याला."